माळढोकाला समोरची तार का दिसत नाही?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोक या गवताळ माळावरच्या दुर्मिळ पक्ष्याचं पिल्लू जन्मलं आणि आमच्या धाराशिवकडेही मोबाइलवर फोटो फिरला: ‘माळढोक वाचला!’ अजून वाचलेला नाही. मोकळ्या रानात आज दीडशेही पक्षी उरलेले नाहीत. मादी एका वेळी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळढोकाचं प्रजनन आणि संवर्धन व्हावं म्हणून २०१६ साली सात वर्षांचा ३३.८५ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. पैसा कॅम्पाचा, म्हणजे वनजमीन घेणाऱ्या प्रकल्पांकडून भरपाई म्हणून घेतलेला. पण केंद्रात वाढवलेलं पिल्लू सोडायचं कुठे? बाहेर विजेच्या तारा आहेत.

एवढा मोठा पक्षी तारेवर आदळतोच कसा, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर डोळ्यांच्या जागेत आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे आजूबाजूचं भरपूर दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारी समोरची पट्टी अगदी अरुंद, आणि डोक्याच्या वर तर काहीच दिसत नाही. ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ या संशोधकांनी २०१० मध्ये माळढोकाचाच आफ्रिकेतला भाऊबंद, कोरी बस्टर्ड, याची नजर मोजली. मान फक्त २५ अंश खाली झुकली की वरचा आंधळा भाग नेमका उडण्याच्या दिशेला येतो! चैत्राच्या उन्हात आपण रुमाल कपाळावर ओढून मान खाली घालून चालतो, तेव्हा पायाखालचं दिसतं, समोरचा माणूस दिसत नाही. अगदी तसंच. उडताना हा पक्षी खाली चारा नि सोबती शोधत असतो. त्यात नराचं वजन पंधरा किलोपर्यंत; तार ऐनवेळी दिसली तरी एवढं धूड झटकन वळत नाही.

म्हणून पक्ष्यांना तार दिसावी यासाठी तिच्यावर चकत्या लटकवणं हा अर्धाच इलाज. जो समोर बघतच नाही त्याला चकती काय दिसणार? तार जमिनीखालून नेणं खात्रीचं, पण कित्येक पट महाग. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसा आदेश दिला होता; २०२४ मध्ये तो बदलून काम तज्ज्ञ समितीकडे सोपवलं. निधी कमी पडतो तो इथे.

आणि जिथे निधी आहे, तिथे तो झाडांवर जातो. कॅम्पाचा मोठा वाटा वृक्षलागवडीचा आहे. मोकळी जागा दिसली की झाड लावायचं, म्हणजे निसर्ग वाचला, ही मला आपली नवी अंधश्रद्धा वाटते. माळढोकाला दूरवर नजर पोचेल असं गवत लागतं; दाट झाडीत तो राहत नाही. भूम-वाशीकडच्या माळावर वाकून बघा: धोतराला चिकटणारी कुसळी, तिच्या बुडाशी टोळ, नाकतोडे, सरडे. हे सगळं त्याचं अन्न. आपण त्याला ‘पडीक’ म्हणतो आणि खड्डे घ्यायला जेसीबी लावतो. त्याच पैशातून गवत राखायला, चराई आळीपाळीने बंद ठेवायला गावाला मोबदला का देऊ नये?