बुन्शिक

बुन्शिक : दक्षिण कोरियातील स्वस्त व झटपट खाद्यपदार्थांचा वर्ग. ‘बुन’ म्हणजे पीठ, ‘शिक’ म्हणजे अन्न. हे पदार्थ विकणाऱ्या छोट्या दुकानाला ‘बुन्शिकजिप’ म्हणतात (जिप : घर). शाळेच्या फाटकासमोर असे एखादे दुकान हमखास असते.

नाव पिठाचे, पण आज तिथे तांदळाचे पदार्थही भरपूर मिळतात. या विसंगतीचे मूळ सरकारी धोरणात आहे. कोरियन युद्धानंतर तांदूळ पुरेना आणि अमेरिकेतून मदतीचा गहू येत होता. (पीएल-४८० योजनेचा तसाच गहू भारतातील रेशन दुकानांतही आला.) राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत मिश्र धान्य आणि पिठाचे पदार्थ खाण्याची मोहीम निघाली. १९६९ पासून उपाहारगृहांना बुधवारी व शनिवारी दुपारच्या जेवणवेळेत भात विकण्यास मनाई झाली. शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडून भातात दुसरे धान्य मिसळले आहे की नाही ते पाहत. ‘तोंगिल’ या नव्या वाणाने भाताचे पीक वाढले आणि १९७७ मध्ये निर्बंध सैलावले. पिठाची चटक मात्र राहिली.

या वर्गाचा राजा तोकबोक्की. बोटाएवढ्या लांबट तांदूळवड्या गोचुजांग या आंबवलेल्या मिरचीच्या लगद्यात रटरटवतात. राजवाड्यातला जुना प्रकार सोया सॉसचा, बिनतिखट होता. लाल तोकबोक्कीचे श्रेय सोलच्या शिंदांग-दोंग भागातील मा बोक-रिम यांना देतात. त्यांनी १९५३ च्या सुमारास ती विकायला सुरुवात केली. पुढे एका जाहिरातीत त्या म्हणाल्या, ‘सुनेलाही ठाऊक नाही!’ पाककृतीच्या गुपिताबद्दलचे हे वाक्य कोरियात म्हणीसारखे रुळले. गव्हाच्या पिठाच्या वड्यांची तोकबोक्कीही टिकून आहे आणि तीच खरी म्हणणारे शौकीन कमी नाहीत.

सोबतीला त्विगिम (आपल्या भज्यांचे भावंड), किम्बाप (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात), राम्योन (झटपट नूडल्स) आणि सुन्दे, म्हणजे डुकराच्या आतड्यात रक्त व रताळ्याच्या पिठाच्या शेवया भरून केलेले सॉसेज. त्विगिम आणि सुन्दे तोकबोक्कीच्या रश्शात बुडवून खाण्याची रीत आहे. ओमुक ही माशांच्या लगद्याची पट्टी काडीवर खोचून मुळा व सुक्या मासळीच्या पाण्यात उकळत ठेवतात. गिऱ्हाईक उभ्याउभ्या खाते, शेवटी काड्या मोजून पैसे देते. कढत पाणी कागदी पेल्यातून हवे तेवढे फुकट. ठिपक्यांच्या हिरव्या मेलामाइन बशीवर प्लास्टिकची पिशवी चढवून त्यात तोकबोक्की वाढतात. खाऊन झाले की पिशवी फेकायची, बशी धुवायलाच नको.