कॅटमरान की जेटफॉइल? सादो बेटाच्या वाटेवरच्या दोन वेगवान बोटी

गेटवेहून मांडव्याला निघालेला माणूस सहज म्हणतो, "लाँच नको, कॅटमरान धरू." कॅटमरान म्हणजे वेगात जाणारी, एसी असलेली बोट, हा अर्थ आपल्याकडे पक्का रुळलाय. त्यामुळे पाण्यावरून उडत जाणाऱ्या जपानी बोटीचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला की तिलाही लोक "जपानची कॅटमरान" म्हणून मोकळे होतात. ती असते जेटफॉइल. दोघींचं सारखेपण वेगापुरतंच आहे. एक पाण्यावर तरंगते, दुसरी पाण्यातून वर उठते. बेटावर राहणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा ठरतो.

तो नीट कळतो जपानच्या सादो बेटाच्या वाटेवर, कारण तिथल्या एकाच मार्गावर आधी एक आली आणि मग दुसरी.

सादो हे जपानच्या पश्चिमेच्या समुद्रातलं, निईगाता प्रांतातलं बेट. क्षेत्रफळ सुमारे ८५५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा मोठं. सोन्याच्या खाणींसाठी ते शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे आणि २०२४ मध्ये त्या खाणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आल्या. तिथे जायच्या दोन वाटा: उत्तरेकडून निईगाता ते र्‍योत्सु, आणि दक्षिणेकडून नाओएत्सु ते ओगी. दक्षिणेच्या वाटेवर पूर्वी साधी कार फेरी चालायची, पावणेतीन तासांच्या आसपास घ्यायची. मार्च २०१५ मध्ये तोक्योहून येणारी होकुरिकू शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन कानाझावा शहरापर्यंत धावू लागली आणि तिचं एक स्टेशन नाओएत्सुच्याच शहरात, जोएत्सुत आलं. तोक्योहून झटकन आलेला प्रवासी पुढे समुद्रात रेंगाळायला नको, म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'आकाने' ही नवी कॅटमरान आणली गेली. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातल्या इनकॅट कंपनीच्या गोदीत बांधलेली, सुमारे ९० मीटर लांब, साडेसहाशेहून अधिक माणसं आणि दीडशेच्या घरात गाड्या नेणारी. प्रवास १ तास ४० मिनिटांवर आला.

आता आकाने पाण्यावर कशी बसते ते पाहू. कुठलीही बोट पुढे जाताना पाणी बाजूला सारते आणि त्याच्या लाटा करते. इंजिनाची बरीच ताकद त्या लाटा करण्यातच जाते. बोट जितकी अरुंद, तितकी लाट लहान. पण अरुंद बोट कलंडते. त्यावर उपाय म्हणजे दोन अरुंद बोटी एकमेकींपासून दूर ठेवायच्या आणि दोघींवर मिळून एक माडी टाकायची. मालवणकडच्या उलांडीच्या होडीला बाजूचं लाकूड जो आधार देतं, तोच आधार इथे दुसरी अख्खी होडी देते. मांडव्याच्या बोटीत मागच्या बाजूला जाऊन बसा आणि पाण्याकडे बघा: फेसाचे दोन पट्टे शेजारी शेजारी मागे पळत असतात आणि मधलं पाणी बरंचसं शांत असतं. तेच कॅटमरानचं रूप. आकाने त्यातल्या लाटा भेदणाऱ्या जातीची. तिच्या दोन्ही नाळी, म्हणजे पुढची टोकं, बारीक आणि खाली झुकलेल्या, लाटेवर चढण्यापेक्षा तिच्यातून घुसणाऱ्या. मधोमध पाण्याच्या वर तिसरी नाळ, समुद्र खवळला तरच पाण्याला लागणारी.

नावाबद्दल जाता जाता. कॅटमरान हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. तमिळ कोळ्यांचं कट्टुमरम म्हणजे ओंडके शेजारी शेजारी बांधून केलेला तराफा. त्याला दोन वेगळ्या होड्या नसतात. दोन अंगांच्या बोटीला हे नाव पुढे इंग्रजीत चिकटलं आणि तिथून ते आपल्याकडे परत आलं.

जेटफॉइलचा घाट निराळा. धक्क्याला लागलेली असते तेव्हा ती साधी, एका अंगाची बोट दिसते, कॅटमरानपेक्षा बरीच लहान. गंमत पाण्याखाली आहे. पुढे आणि मागे खांबांना लावलेले स्टीलचे पंख असतात. धावत्या एसटीच्या खिडकीतून पंजा बाहेर काढून जरा तिरका केला की हात आपोआप वर ढकलला जातो ना, तसंच हे पंख पाण्यात करतात, आणि पाणी हवेच्या आठशे पट जड असल्यामुळे छोटा पंखही पुरतो. विमानाच्या जातीची दोन गॅस टर्बाइन पंप फिरवतात, पंप पाणी ओढून मागे फेकतो, वेग वाढतो, आणि बोटीचं अंग पाण्यातून पूर्ण बाहेर येतं. मग ताशी ऐंशी किलोमीटर. हे पंख पूर्ण बुडलेले असल्यामुळे बोट आपली आपण तोल सांभाळू शकत नाही. संगणक क्षणाक्षणाला पंखांच्या झडपा हलवत राहतो. वळताना ती विमानासारखी आतल्या बाजूला झुकते. मूळ आराखडा बोइंग या विमान कंपनीचा, पुढे परवाना घेऊन जपानच्या कावासाकीने त्या बांधल्या. जपानमध्ये पहिली जेटफॉइल धावली तीही सादोच्याच वाटेवर, १९७७ मध्ये. निईगाता ते र्‍योत्सु हे अंतर कार फेरी अडीच तासांत कापते, जेटफॉइल तासाभराच्या जरा वर.

गोंधळ का होतो तेही समजण्यासारखं आहे. दोघी अ‍ॅल्युमिनियमच्या, दोघी पाण्याचा झोत मागे फेकून चालणाऱ्या. त्यात मोठ्या कॅटमरानांच्या नाळीखालीही अनेकदा छोटे पंख लावतात. पण ते पंख बोट उचलण्यासाठी नसतात, तिचे हेलकावे कमी करण्यासाठी असतात.

खरा फरक प्रवाशाच्या पोटाला कळतो. लाटेची घुसळण पृष्ठभागावर सगळ्यात जास्त, खोलीबरोबर ती झपाट्याने कमी होते. जेटफॉइलचे पंख त्या घुसळणीच्या खालून जातात आणि अंग तिच्या वरून. साधारण साडेतीन मीटरच्या लाटांपर्यंत ती अशी जाऊ शकते. कॅटमरान मात्र पृष्ठभागावरच जगते. तिची रुंदी तिला कलंडू देत नाही, पण लगेच झटक्याने सरळ करते. त्यात लाट तिरकी आली तर आधी एक अंग उचललं जातं आणि मग दुसरं, बोट पिळल्यासारखी हलते. एका अंगाच्या मोठ्या फेरीचं डोलणं पाळण्यासारखं सावकाश असतं, याचं तसं नसतं. आकानेबद्दल बोट फार हलते ही तक्रार आली ती यामुळेच. शिवाय जपानच्या त्या समुद्रात हिवाळ्यात वायव्येचे वारे सुटतात, आणि दक्षिणेची वाट तेव्हा बंद असायची. पावसाळ्यात गेटवे–मांडवा कॅटमरान बंद होते हे ज्या अलिबागकरांनी वर्षानुवर्षं अनुभवलंय, त्यांना हे सांगायला नको.

मग जेटफॉइलच चांगली? बेटाकडून पाहिलं तर मला तसं वाटत नाही. जेटफॉइलमध्ये अडीचशे माणसं मावतात आणि गाडी एकही नाही. मोठी बांधून ही अडचण सुटत नाही. बोट लांबी, रुंदी, उंची तिन्हीत दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पंखांचं क्षेत्रफळ मात्र चौपटच. उचलण्याची ताकद वजनाच्या मागे पडत जाते. म्हणून ट्रक आणि बस पोटात घेणारी बोट तरंगणारीच हवी. बरं, या बोटी हव्या तेव्हा मिळतही नाहीत. कावासाकीने १९९५ पर्यंत पंधरा बांधल्या आणि पुढची थेट २०२० मध्ये, तोक्योच्या दक्षिणेकडच्या इझु बेटांसाठी.

धोकाही वेगळा. ९ मार्च २०१९ ला निईगाताहून सादोला निघालेली जेटफॉइल 'गिंगा' बहुधा देवमाशाला धडकली आणि ८० हून अधिक लोक जखमी झाले. पाण्याखालच्या पंखाला त्या वेगात काही आडवं आलं की बोट क्षणात खाली बसते. म्हणून तिच्यात विमानासारखे पट्टे बांधायला लावतात, आणि देवमाशांनी वाटेतून दूर व्हावं म्हणून पाण्यात आवाज सोडणारे स्पीकरही असतात.

२०२१ मध्ये नाओएत्सु–ओगी मार्गावरून आकाने गेली आणि तिच्या जागी हीच गिंगा आली. प्रवास १ तास ४० मिनिटांवरून सव्वा तासावर आला. पण वाचलेल्या पंचवीस मिनिटांच्या बदल्यात त्या वाटेवरून गाडी नेण्याची सोय गेली. ओगीच्या दुकानदाराला, शेतकऱ्याला, सहलीची बस आणणाऱ्याला ही पंचवीस मिनिटं काय कामाची? ट्रक घेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला र्‍योत्सुपर्यंत जायचं आणि तिथून अडीच तासांची फेरी धरायची, २०२३ मध्ये त्या वाटेवर कार फेरी परत येईपर्यंत हेच त्याच्या वाट्याला आलं. बेटासाठी बोट घेताना वेगाच्या आकड्याआधी "गाडी जाणार का?" हे विचारायला हवं. नवी वेगवान बोट येणार म्हणून टाळ्या पडतात तेव्हा नेमका हाच प्रश्न राहून जातो.

ओगीच्या बंदरात याहून निराळी एक बोट अजून दिसते: तराई-बुने. धुण्याच्या लाकडी टबासारखी गोल, पुढच्या बाजूने वल्हं डावी-उजवीकडे फिरवत चालवायची. १८०२ च्या भूकंपाने इथला किनारा उचलला गेला, खडकांत अरुंद फटी पडल्या, नेहमीच्या होड्या आत शिरेनात, तेव्हा ही काढली असं तिथे सांगतात. बायका त्यात बसून शिंपले आणि समुद्री शेवाळ गोळा करायच्या. टब जागच्या जागी वळतो, म्हणून त्या फटीत तोच चालतो.