इलेक्ट्रॉन तारेने नाही, तरीने जातो
गुहागरात बारावीला शिकवताना दरवर्षी वह्यांत तेच चित्र दिसतं: मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) आतल्या पटलात चार चौकोन, म्हणजे प्रथिनांचे चार संच, आणि त्यांतून वायरीतल्या करंटसारखा पळणारा इलेक्ट्रॉन. प्रथिनं जागची हलत नाहीत, हा समज त्या चित्रानेच पक्का केलाय. तो चुकीचा आहे.

तिसरा चौकोन घ्या, सायटोक्रोम बीसी-1. त्यातल्या रिस्के प्रथिनाच्या डोक्यात लोह-गंधकाचा छोटा पुंजका असतो. इलेक्ट्रॉन उडी मारतो खरा, पण साधारण 1.4 नॅनोमीटरच्या पुढे त्या उडीचा वेग पार कोसळतो. आणि इलेक्ट्रॉन देणाऱ्या युबिक्विनॉल या रेणूपासून तो घेणारं, याच चौकोनातल्या सायटोक्रोम सी-1 या प्रथिनाचं हीम (त्यातला लोहाचा भाग) त्याहून लांब! दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते ना, इथे अगदी तसंच घडतं. डोकं युबिक्विनॉलपाशी लागतं, एक इलेक्ट्रॉन घेतं, लवचिक मानेवर वळत सुमारे 2 नॅनोमीटर सरकतं, सी-1 पाशी तो उतरवतं आणि रिकामं परततं. 1998 मध्ये या प्रथिनसंचाच्या वेगवेगळ्या स्फटिकांत हे डोकं वेगवेगळ्या जागी सापडलं. पुढे जिवाणूंमध्ये मानेत जादा अमिनो आम्लं घालून तिची हालचाल अडवली, तर इलेक्ट्रॉनची ने-आणही मंदावली.

युबिक्विनॉलचा दुसरा इलेक्ट्रॉन मात्र या फेरीत बसत नाही. तो याच चौकोनातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनाच्या हीमची वाट धरतो. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

तिसऱ्या-चौथ्या चौकोनांमधला सायटोक्रोम सी (हेही एक छोटं प्रथिनच) तर अख्खाच सुटा फिरतो. मुलांनो, चित्रात त्याला बाण नको, होडी काढा.