दुहेरी नियंत्रण, सहकारी बँकांवरील

भारतातील सहकारी बँकांवर सहकारी संस्था म्हणून निबंधकाचे (अशा संस्थांची नोंदणी व देखरेख करणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याचे) आणि बँक म्हणून रिझर्व्ह बँकेचे असे दोन अधिकार एकाच वेळी चालतात, या व्यवस्थेला दुहेरी नियंत्रण म्हणतात. नोंदणी, निवडणुका व अवसायन (संस्था गुंडाळण्याची प्रक्रिया) निबंधकाकडे, तर परवाना, रोखता व कर्जव्यवहारांची तपासणी रिझर्व्ह बँकेकडे, अशी तिची ढोबळ विभागणी होती.

तिचा आरंभ सामान्यतः १ मार्च १९६६ पासून धरतात. १९६५ च्या कायद्याने बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ मध्ये घातलेले कलम ५६ त्या दिवशी अंमलात आले व त्या अधिनियमाच्या तरतुदी फेरफारांसह सहकारी बँकांना लागू झाल्या. मात्र तिचे मूळ त्याआधीचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण १९१९ च्या ब्रिटिशकालीन राजकीय सुधारणांनी सहकार हा प्रांतिक विषय झाला होता आणि संविधानाच्या सातव्या अनुसूचीनेही बँकव्यवसाय संघसूचीत (केंद्राने कायदे करावयाच्या विषयांत, नोंद ४५), तर सहकारी संस्था राज्यसूचीत (राज्यांच्या विषयांत, नोंद ३२) ठेवल्या. सहकारी बँकेचे कर्ज वसूल करण्याचा कायदा कोणी करावा, हा वाद याच दोन नोंदींमधून उद्‌भवला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यसूचीकडे झुकणारा निर्णय दिला; ५ मे २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो अमान्य करून, सहकारी बँकांचा बँकव्यवसाय संघसूचीत मोडतो व प्रतिभूती हितसंबंधांच्या (कर्जासाठी तारण दिलेल्या मालमत्तेवरील हक्कांच्या) अंमलबजावणीचा २००२ चा कायदा त्यांना लागू होतो, असे ठरविले.

बँकिंग नियमन अधिनियमात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीचे कारण म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंधांखाली आलेल्या मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचा उल्लेख केला जातो. परंतु ती बहुराज्यीय असल्याने तिच्या बाबतीत दुसरे नियंत्रण राज्याचे नसून केंद्रीय निबंधकाचे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. या दुरुस्तीमुळे रिझर्व्ह बँकेला राज्यात नोंदलेल्या सहकारी बँकेचे संचालक मंडळही राज्य शासनाशी विचारविनिमय करून बरखास्त करता येते, तसेच व्यवहारबंदी न लादता एकत्रीकरणाची योजना आखता येते. ठेवविम्याची मर्यादा त्याच वर्षी फेब्रुवारीत १ लाखावरून ५ लाख रुपये झाली होती. १ लाखाची मर्यादा १९९३ पासून स्थिर होती. निर्बंधित बँकेच्या ठेवीदारांना ठेवविम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली.

प्राथमिक कृषी पतसंस्था कलम ३ अन्वये अधिनियमाबाहेर आहेत. त्यासाठी त्यांनी नावात ‘बँक’ हा शब्द वापरू नये व त्यांच्यावर धनादेश काढले जाऊ नयेत, अशी अट आहे.