बघ्याची भूमिका

डोळ्यांदेखत कोणी संकटात असताना लोकांनी जमायचे, पाहायचे, हळहळायचे आणि हात न लावता पांगायचे, या वर्तनाला मराठीत ‘बघ्याची भूमिका घेणे’ म्हणतात. मानसशास्त्रात ते ‘बायस्टँडर इफेक्ट’ या नावाने ओळखले जाते. ती भूमिका सोडून अनोळखी माणसासाठी पुढे होणे हे धाडस आहे, पण ते शिकता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील तीन जिल्ह्यांच्या संदर्भात दोन्हींची माहिती येथे दिली आहे.

खानदेशात हा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो तो महामार्गावर. सुरत–नागपूर महामार्ग (क्र. ५३, जुना क्र. ६) नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा सगळा प्रदेश आडवा कापत जातो. मुंबई–आग्रा महामार्ग धुळे-शिरपूरवरून मध्य प्रदेशात उतरतो. गावात बैलगाडी उलटली तर कोणाचा पोरगा आहे हे पाहतच दहा जण धावतात. तीच माणसे दोन किलोमीटरवरच्या बायपासला रस्त्यात आडवी पडलेली मोटारसायकल पाहून गाडी हळू करतात आणि ‘जाऊ दे ना भो, मागे लचांड लागेल’ म्हणत पुढे जातात. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडच्या दुर्गम पाड्यांवर, रस्ता नसेल तिथे आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून आळीपाळीने खांदा देत डोंगर उतरवतात. तिथे रुग्णवाहिकेची वाट पाहण्याची सोय नसते आणि आपल्याऐवजी दुसरे कोणी येईल असे मानायलाही जागा नसते. उदासीनतेचे मूळ शोधायचे तर ‘दुसरे कोणी येईल’ या समजुतीपाशीच थांबावे लागते.

१३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज या तरुणीचा खून झाला. ३८ जणांनी तो पाहिला आणि कोणीही काही केले नाही, अशी बातमी तेव्हा छापून आली. हा आकडा व वर्णन अतिरंजित असल्याचे पुढे स्पष्ट झाले, पण त्या बातमीने संशोधन सुरू झाले. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात शेजारच्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचा आवाज ऐकवला गेला. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे समजत होता तेव्हा फिट चालू असतानाच मदतीला उठणाऱ्यांचे प्रमाण ८५ टक्के होते. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटले की ते ६२ टक्क्यांवर आले, आणि आणखी चार जण आहेत असे वाटल्यावर ३१ टक्क्यांवर. न उठलेलेही निर्विकार नव्हते. ते अस्वस्थ होते, काही थरथरत होते. डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये घाईचा परिणाम तपासला. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के वाटेत विव्हळणाऱ्या माणसापाशी थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. अलीकडे इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतील भर रस्त्यावरच्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण तपासले, तेव्हा दहांपैकी नऊ प्रसंगांत निदान एक जण तरी मध्ये पडलेला दिसला. ‘माणुसकी उरली नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच उतावीळ आहे. माणुसकी असते; गर्दीत ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहत अडकून राहते.

डार्ली-लाताने यांच्या मते मदतीपर्यंत पोचायला पाच पायऱ्या चढाव्या लागतात: प्रसंग लक्षात येणे, तो संकटाचा आहे हे कळणे, जबाबदारी आपली मानणे, काय करायचे ते ठाऊक असणे आणि ते प्रत्यक्ष करणे. खानदेशात दुसरी पायरी फार जणांना अडवते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बसस्थानकाच्या भिंतीकडेला माणूस आडवा पडलेला असतो. ‘पिऊन पडलाय’ असे एक जण म्हणतो आणि बाकीचे निश्चिंत होतात. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा तो उष्माघात असू शकतो. साखर उतरलेला मधुमेही माणूसही अगदी दारुड्यासारखाच बरळतो आणि झोकांड्या खातो. खात्री करायला अर्धे मिनिट पुरते. दोन्ही खांदे थोपटून मोठ्याने हाक मारावी, छाती हलते का पाहावे, मानेला हात लावावा. अंग तापलेले आणि माणूस भ्रमिष्ट असेल तर, घाम असो वा नसो, सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मान, काख व जांघेत ओले फडके ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. दारू प्यायलेल्यालाही ऊन लागते, त्यामुळे तोंडाला वास आला म्हणून तपासणी सोडू नये.

तिसरी पायरी ओलांडायचा उपाय साधा आहे. गर्दीला उद्देशून ‘कोणीतरी फोन करा’ असे ओरडले की पुष्कळदा कोणीच करत नाही. एकाकडे बोट दाखवून, डोळ्यांत पाहून सांगावे: ‘ओ निळा शर्टवाले भाऊ, १०८ लावा, स्पीकरवर ठेवा आणि इथंच उभे राहा.’ दुसऱ्याला गाडीचे दिवे चालू ठेवून ५० पावले मागे वाहने थांबवायला पाठवावे. तिसरीला ‘ताई, पाण्याची बाटली आणा’ म्हणावे. काम मिळालेला माणूस बघ्या राहत नाही, आणि दोघे कामाला लागलेले दिसले की उरलेले आपणहून विचारू लागतात.

चौथी पायरी ज्ञानाची आहे, आणि येथे चुकीची मदतही जीव घेते. अपघातात नेहमी घडणारी चूक म्हणजे जखमीला हात-पाय धरून उचलणे आणि रिक्षात किंवा छोटा हत्तीत वाकवून कोंबणे. मान किंवा मणका दुखावला असेल तर त्यातून कायमचे अपंगत्व येऊ शकते. आग लागण्याचा किंवा दुसरे वाहन अंगावर येण्याचा धोका नसेल तर हलवू नये. हलवावेच लागले तर एकाने डोके दोन्ही हातांत स्थिर धरावे, तिघा-चौघांनी एका बाजूने हात घालून एका दमात उचलावे आणि फळीवर किंवा बाजेवर ठेवावे. पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणेही अवघड होते.

रक्त वाहत असेल तर सामान शोधायला जायची गरज नसते. उन्हाळ्यात खानदेशातल्या जवळजवळ प्रत्येक दुचाकीस्वाराच्या डोक्याला रुमाल, उपरणे किंवा स्कार्फ गुंडाळलेला असतो. तोच उतरवून चार-सहा पदरी घडी करावी, जखमेवर ठेवून तळहाताने अंगाचा भार टाकून १० मिनिटे दाबावे. मध्येच उचलून पाहिले की धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होते. कापड भिजले तर न काढता वरून दुसरे ठेवावे. जखमेत घुसलेली काच किंवा सळई ओढू नये, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तर रक्ताचा संपर्क टळतो.

श्वास थांबला असेल किंवा माणूस अधूनमधून फक्त आचके देत असेल तर सीपीआर सुरू करावा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपरे ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो.

फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवण्याचा प्रघात अजून सर्रास आहे. त्याने काही साधत नाही. तोंडात चमचा घातला तर दात तुटू शकतात. डोक्याखाली मऊ काही ठेवावे, झटके थांबले की कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांवर गेले तर १०८. केळीच्या बागेत किंवा कपाशीत साप चावला तर दोरी करकचून बांधणे, कापणे, चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे या चारही गोष्टी टाळाव्यात. अवयव काठी बांधून स्थिर ठेवावा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट न्यावे. जुन्या विहिरीत उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे कोणीही उतरू नये. तळाशी साचलेल्या वायूने एकामागून एक उतरणारे मरतात. धाडसाचा अतिरेकही असा घात करतो.

१०८ ही राज्याची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून चालू आहे. पोलीस, अग्निशमन यांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनवर आधी जिल्हा-तालुका, मग रस्ता, कोणत्या दोन गावांच्या मध्ये आणि किलोमीटरच्या दगडावरचा किंवा विजेच्या खांबावरचा आकडा सांगावा. ‘ढाब्याजवळ’ एवढ्याने भागत नाही. एका टप्प्यात वीस ढाबे असतात.

लोक थांबत नाहीत यामागे पोलीस-कोर्टाची भीती आहे आणि ती पूर्वी निराधार नव्हती. परिस्थिती कायद्याने बदलली आहे. अपघाती रुग्णावर कागदपत्रांची वाट न पाहता उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात ठरवले. मदतकर्त्याच्या (कायद्याच्या भाषेत ‘गुड समॅरिटन’च्या) संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना याच न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मोटार अपघातात सद्‌भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, हातून चूक होऊन रुग्ण दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हे तोच ठरवतो. तयार असेल तर जबाब त्याच्या सोयीच्या जागी व वेळी, एकाच बैठकीत घ्यायचा असतो. या हक्कांची सनद रुग्णालयाने दर्शनी भागात स्थानिक भाषेत लावायची असते. दारात कोणी अडवलेच तर ‘मी गुड समॅरिटन आहे, कलम १३४-अ’ एवढे शांतपणे म्हणावे. जीवघेण्या अपघातात पहिल्या तासात रुग्णालय गाठून देणाऱ्याला केंद्राने २०२१ मध्ये ५,००० रुपयांचे पारितोषिक ठेवले. २०२५ मध्ये ते २५,००० झाले.

मारामारीत किंवा जमावापुढे हे कलम लागू नाही आणि तिथली रीतही वेगळी आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या दिवशी गावात आठवडे बाजार होता. खानदेशाच्या इतिहासातली ही फार मोठी जखम आहे, आणि बघ्याच्या भूमिकेचा विचार तिला वगळून करता येणार नाही. गर्दीच्या कडेला उभा असणारा प्रत्येक जण आत असणाऱ्याला बळ देत असतो, चित्रण करणारा तर सर्वांत जास्त.

अशा वेळी मध्यभागी घुसून दरडावल्याने मदतकर्त्यावरच हात पडतो. सुरुवातीच्या पाच-दहा मिनिटांत, आवाज चढलेला पण हात उचललेला नसताना, बरेच काही करता येते. आधी ११२ आणि पोलीस पाटील यांना फोन. मग कडेच्या, ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारून विचारावे: ‘मूल कोणाचं गेलं? नाव काय त्याचं? आई कुठं आहे?’ अफवेला या प्रश्नांची उत्तरे नसतात, आणि विचारता विचारता कडेची माणसे मागे सरू लागतात. गावातल्या वडीलधाऱ्या बाया पुढे आल्या तर पुष्कळदा हात आवरतात. मोबाइलवर आलेला असा संदेश पुढे न पाठवणे हे तर घरबसल्या जमते.

एसटीत कोणी मुलीला त्रास देत असेल तर त्या माणसाशी वाद घालण्याआधी मुलीशी बोलावे: ‘ताई, कुठं उतरायचं? इकडे बस माझ्याजवळ.’ ती एकटी नाही एवढे दिसले की बहुतेक वेळा प्रकार थांबतो. न थांबल्यास वाहकाला गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात घ्यायला सांगावे.

अपघातस्थळी एक काम हमखास राहून जाते. जखमीच्या खिशातला किंवा धुळीत पडलेला फोन वाजत असतो, पडद्यावर ‘घर’ किंवा ‘आई’ असे नाव दिसते, आणि भोवतीचे लोक तो वाजू देतात. फोन कुलूपबंद असला तरी आलेला कॉल घेता येतो. तो घ्यावा. आपले नाव सांगायची गरज नाही. ‘गाडीला अपघात झालाय, आम्ही सोबत आहोत, अमक्या रुग्णालयात नेतोय, दोघं जण निघा, गाडी सावकाश चालवा’ एवढे बोलावे. जीव गेला आहे असे वाटले तरी ते डॉक्टरांनी सांगायचे असते. फोन, पाकीट, दागिने रुग्णालयातील पोलीस चौकीत किंवा नर्सकडे मोजून द्यावेत आणि नोंद झालेली पाहूनच निघावे.