किडनी देणाऱ्याची शुगर आज नॉर्मल आली, तेवढ्यावर थांबू नका

घरात कुणाची किडनी फेल झाली की आई, बायको नाहीतर भाऊ-बहीण पुढे येतात, ब्लड ग्रुप जुळतो, उपाशीपोटी शुगर 95 येते आणि सगळ्यांना वाटतं आता फक्त ऑपरेशनची तारीख घ्यायची. मग डॉक्टर जीटीटी सांगतात, म्हणजे 75 ग्रॅम ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी प्यायचं, दोन तास कुठेही न जाता बसायचं आणि परत रक्त द्यायचं. लोक वैतागतात, पण ही टेस्ट टाळू नका, कारण उपाशीपोटी शुगर छान आणि दोन तासांनी 170 असं होऊ शकतं. 140 ते 199 म्हणजे प्रीडायबेटिस, 200 पासून पुढे डायबेटिस. आणि डोनर बारीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पुण्याचे डायबेटिसतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केव्हाच दाखवलंय की आपल्याकडे वजन कमी असूनही अंगात चरबी जास्त असते.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, ती पण करतात, फक्त आयर्न कमी असेल तर ती खोटी जास्त येऊ शकते, आपल्याकडे बायकांमध्ये अॅनिमिया किती आहे बघा, म्हणून एकाच आकड्यावर निर्णय नको.

एवढं का बघायचं? एक किडनी काढली की उरलेली जास्तीचं काम अंगावर घेते, तिच्यातल्या बारीक गाळण्यांवर प्रेशर वाढतं. डायबेटिसमध्ये सुरुवातीला नेमकं हेच होतं. दोन्ही लोड एकाच किडनीवर आले तर अवघड आहे, आणि ते नुकसान दिसायला दहा-वीस वर्षं जातात.

म्हणूनच वयाचं गणित उलटं आहे. साठीतल्या आईची शुगर किंचित वर असेल तरी बाकी सगळं नीट असल्यास डॉक्टर विचार करू शकतात, पण आई-वडील दोघांना डायबेटिस असलेला पंचवीस वर्षांचा मुलगा, सगळे रिपोर्ट क्लीन असले तरी, मला जास्त काळजीचा वाटतो, त्याच्यापुढे अजून पन्नास वर्षं आहेत. त्यात पेशंटची किडनी डायबेटिसनेच गेली असेल तर सख्ख्या भावंडांनाही तोच धोका असतो.

आणि बायकांनो, गरोदरपणात शुगर वाढली होती का हे आठवून सांगा, कारण अशांना पुढे डायबेटिसचा धोका जास्त असतो, मुलं मोठी झाली असली तरी सांगा, बाळंतपणानंतर ती नॉर्मल झाली म्हणून बऱ्याच जणी बोलतच नाहीत.