हँड : इंग्रजी वाक्प्रचारांतला हात

इंग्रजीतला ‘हँड’ हा शब्द अवयवापुरता राहिलेला नाही. जहाजावरचा खलाशी, गिरणीतला मजूर, वाटून आलेली पत्त्यांची पाने, घड्याळाचा काटा, हस्ताक्षर, सगळे त्यात येते. म्हणून या शब्दाचे वाक्प्रचार मराठीत आणताना हात नेमका कोणाचा, हे आधी पाहावे लागते.

बरेचसे हात खलाशांचे आहेत. ‘ऑल हँड्स ऑन डेक’ हा मुळात सर्व खलाशांनी डेकवर हजर व्हावे असा हुकूम. आता कचेरीत काम अंगावर आले की तोच ऐकू येतो. दोराला धरून एका हातापुढे दुसरा टाकत सरसर चढणे, यावरून ‘हँड ओव्हर फिस्ट’ आले. १९व्या शतकात ते भराभर पैसा कमावण्याला लागू झाले आणि आज बहुधा त्याच अर्थाने उरले आहे.

माणूस हातापुरताच मोजायची रीत कारखान्यांतही होती. चार्ल्स डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) या कादंबरीत गिरणी कामगार सरसकट ‘हँड्स’ आहेत. देवाने त्यांना नुसते हात, फार तर हात आणि पोट एवढेच दिले असते, तर काही लोकांना ते अधिक पसंत पडले असते, असा टोला डिकन्सने तिथे मारला आहे. ‘हँड टु माउथ’ जगणे म्हणजे आपले हातावर पोट असणे. इथे दोन्ही भाषा अगदी जवळ येतात.

‘हँड्स डाउन’ जिंकणारा हात जॉकीचा. घोडा इतका पुढे की लगाम ओढायची गरज नाही, हात खाली सोडले तरी चालते. म्हणून विनासायास विजय.

फसगत होते ती शब्द सारखे दिसतात तिथे. ‘शो युवर हँड’ म्हणजे हातातले पत्ते, म्हणजेच मनातला बेत, उघड करणे. मराठीत हात दाखवायचा तो ज्योतिषाला, नाहीतर चांगला चोप देऊन शत्रूला. ‘गिव्ह अ हँड’ म्हणजे मदतीचा हात देणे, पण व्यासपीठावरून कोणाला ‘बिग हँड’ द्या म्हटले तर टाळ्या वाजवायच्या.

सर्वांत गमतीचे ‘वॉश वन्स हँड्स’. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (२७:२४) रोमन सुभेदार पिलात लोकांसमोर पाण्याने हात धुतो आणि येशूच्या रक्ताची जबाबदारी झटकतो. तेव्हा मराठीत ‘हात झटकणे’ हाच पर्याय. कोणाच्या हात धुऊन मागे लागणे याच्या नेमके उलट, आणि वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे आणखी तिसरेच.

‘रेड-हँडेड’ पकडणे स्कॉटलंडच्या कायद्यातून आले. १५व्या शतकात तिथे हाताला रक्त असतानाच सापडलेल्या खुन्याला ‘रेड हँड’ म्हणत. आपले ‘रंगेहात’ बातम्यांत बहुधा लाचखोरासाठी येते. काही सापळ्यांत नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावलेली असते. पकडलेल्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात आणि ते गुलाबी होते. पिलाताला पाण्याने सोडवले. इथे तेच पाणी बाटलीत भरून, मोहोर लावून पुरावा म्हणून जाते.